आईला सांगतोस तसं सांग

१९७३ च्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांचा होतो आणि खडी फोडत होतो. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं, माणदेशाच्या कडेला. पाऊस आमच्याकडे येतो तो पाहुण्यासारखा. आला तर आला, चहा घेऊन गेला. १९७२ साली तर तो वेशीवरूनच मागं फिरला. बाजरी गेली, शाळू पेरायचा प्रश्नच आला नाही, जनावरं काही छावणीला गेली, काही बाजारात गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आमच्या वाट्याला पाझर तलाव आणि रस्त्याची खडी आली. आण्णा तलावावर मातीच्या पाट्या टाकायचे. आई, थोरली बहीण आणि मी, आम्ही तिघं खडीच्या एका ढिगावर बसायचो. दुपारी सुकडी मिळायची. रात्री घरी अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी असायची, जी तव्यावर नीट थापली जात नव्हती आणि घशाखाली नीट उतरत नव्हती.

मे महिन्यात एके दिवशी कामावर जीप आली. आम्हाला वाटलं, मोजणीचे साहेब. पण उतरलेल्या माणसाच्या खांद्याला चामड्याच्या पिशवीत एक यंत्र अडकवलेलं होतं. वर दोन चकत्या आणि त्यांवरून फिरणारी तपकिरी फीत. मुकादमानं सांगितलं, "आकाशवाणीचे सायेब हायती. रेडिओवर दुष्काळाचं सांगायचं हाय. कोण बोलतंय?"

कोणीच बोलेना. बायकांनी पदर तोंडावर घेतले. मग सगळ्यांनी मला पुढं ढकललं, कारण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मला कंपासपेटी मिळाली होती आणि ते गावाला माहीत होतं. मी हातोडी खाली ठेवली, चड्डीला हात पुसले आणि छाती फुगवून सुरू केलं, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो! आज दुष्काळरूपी राक्षसानं आपला अक्राळविक्राळ जबडा..."

साहेबांनी अर्ध्या मिनिटभर ऐकलं. चेहऱ्यावर हसू नाही, कंटाळा नाही. मग एक बटण दाबून चकत्या थांबवल्या, फीत मागं फिरवली आणि म्हणाले, "भाषण नको बाळ. आईला सांगतोस तसं सांग."

एवढंच. मोजून दोन वाक्यं. आणि पुन्हा बटण दाबलं.

माझी आई तिथंच, चार हातांवर बसलेली. मी तिच्याकडं बघितलं आणि गप्प झालो. कारण आईला मी दुष्काळाचं काय सांगणार? दुष्काळ तीच मला सांगत होती. शेवटी मी कसंबसं म्हणालो, की आमच्या विहिरीत आता घागर बुडत नाही, बहीण खाली उतरून वाटीनं पाणी भरते आणि मी वरून दोर ओढतो, आणि कळशी वर येताना हेलकावली की बहीण खालून ओरडते. बस्स. साहेबांनी मान हलवली. मग माइक आईकडं केला. आईनं पदर तोंडावरून काढलाच नाही. पदराआडूनच बोलली, "पाऊस पडंल तवा पडंल. पोरांची शाळा सुटू ने, एवढंच."

आठवड्यानं ग्रामपंचायतीच्या रेडिओवर तो कार्यक्रम लागला. पंचायतीच्या छपरावर कर्णा होता, त्यामुळं सगळं गाव ऐकायला पारावर बसलं. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं. आमच्या गावात असे रेडिओ तीनच होते. मी सगळ्यांत पुढं बसलो होतो. खडी फोडल्याचा आवाज आला, मुकादमाचा आवाज आला, आणि मग आईचं ते एक वाक्य आलं. माझं काहीच आलं नाही. कार्यक्रम संपला. पोरं हसली. मी मळ्याच्या वाटेनं एकटाच घरी गेलो आणि उपाशी झोपलो.

हे सगळं सांगतो आहे, कारण पुढं मी आयुष्यभर रेडिओवरच बोललो. आधी नैमित्तिक उद्घोषक म्हणून, मग पूर्ण वेळ. २०१९ साली निवृत्त झालो. सत्काराच्या भाषणांत, मुलाखतींत कोणी विचारलं की या क्षेत्राकडं कसे वळलात, तर मी हीच गोष्ट सांगायचो. लोकांना ती आवडायची. एक साहेब, एक वाक्य, आणि खडी फोडणाऱ्या पोराचं आयुष्य बदललं. टाळ्या पडायच्या. पण अलीकडं ही गोष्ट सांगताना माझीच जीभ अडखळते. ती का अडखळते, तेच लिहायला बसलो आहे.

आधी त्या वाक्यानं काय केलं ते नीट सांगतो.

त्यानं मला लगेच काहीही केलं नाही. रेडिओवर जायचं असं मी त्या दिवशी ठरवलं नाही, उलट रेडिओचा रागच आला. पण वाक्य डोक्यात राहिलं, पायात मोडलेल्या काट्यासारखं. पुढच्या वर्षी वक्तृत्वाला उभा राहिलो आणि 'अक्राळविक्राळ' म्हणायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. समोर आई बसली आहे असं वाटायला लागलं. आईला अक्राळविक्राळ म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "ताप आलाय का रं?" मी साधं बोललो. नंबर आला नाही. मास्तर म्हणाले, आवेश कमी पडला. तेव्हा त्या वाक्यानं माझं पहिलं बक्षीस घालवलं, हेही नोंदवायला हवं.

मॅट्रिक झाल्यावर कॉलेजसाठी सांगलीला आलो. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ पासूनचं. त्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. १९८१ साली आवाजाची चाचणी दिली आणि नापास झालो. योग्यच झालं. माझा 'ण' कायम 'न' व्हायचा, 'पाणी' म्हणायला गेलो की 'पानी' निघायचं, आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपायचा. दोन वर्षं मी खोलीतल्या पार्टनरला पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. १९८३ साली पुन्हा बसलो. आतला लाल दिवा लागला, काचेपलीकडं तीन माणसं, समोर कागद. घाम फुटला. आणि तेव्हा ते वाक्य उपयोगी पडलं. कागद पार कठीण होता, खतांच्या मात्रांचा. मी मनात आईला चुलीपुढं बसवलं आणि तिला तो वाचून दाखवला. पास झालो.

या धंद्यात शिरल्यावर कळलं, की साहेबांचं वाक्य ही सबंध धंद्याची गुरुकिल्ली आहे. रेडिओ ऐकणारा माणूस सभेत बसलेला नसतो. तो गोठ्यात असतो, चुलीपुढं असतो, मोटेवर नाहीतर इंजिनापाशी असतो, आणि एकटा असतो. ऐकणारे लाखभर असोत, प्रत्येकाच्या कानाशी तुम्ही एकटेच असता. म्हणून 'श्रोतेहो' म्हणतानासुद्धा डोळ्यांपुढं एकच माणूस ठेवायचा. छापलेल्या पानावर वाचणाऱ्याला मागं जाता येतं, इथं ऐकणाऱ्याला मागं जाता येत नाही. म्हणून 'वरीलप्रमाणे', 'खालीलपैकी' हे शब्द इथं बाद. हवेत वर आणि खाली कुठलं? एका वाक्यात एकच गोष्ट. औषधाचं किंवा खताचं प्रमाण दोनदा सांगायचं. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, टाचणी काढून टाकायची, म्हणजे पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये जात नाही. पानाच्या शेवटी वाक्य संपलेलं असावं. तोंड माइकपासून वीतभर, जरा तिरकं, नाहीतर 'फ' आणि 'भ' फुटतात. या सगळ्या गोष्टी मला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी शिकवल्या. पण प्रत्येक वेळी वाटायचं, हे तर त्या वाक्यातच होतं.

शेतीच्या कार्यक्रमातलं माझं पहिलं निवेदन झालं त्या शनिवारी गावी गेलो. आईला विचारलं, "ऐकलंस का?" म्हणाली, "ऐकलं की. ते युरियाचं दोनदा सांगितलंस ते बरं केलंस. पयल्यांदा कोंबड्या वरडत हुत्या." यापेक्षा मोठी शाबासकी मला पुढच्या पस्तीस वर्षांत मिळाली नाही.

आता ते साहेब. मी कामाला लागलो तोवर त्यांची बदली झालेली होती. नावावरून शोध लागला, ते पुण्याला होते आणि निवृत्त झाले होते. १९८८ च्या सुमाराला एका कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. बरोबर गावची घोंगडी नेली होती, द्यायला. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी सगळी कहाणी सांगितली: खडी, वाटीनं पाणी भरणं, चामड्याची पिशवी. ते शांतपणे ऐकत होते, अगदी त्या दिवशी ऐकलं होतं तसंच. मग म्हणाले, "मला नाही आठवत हो. पण मी म्हटलं असेन. असं मी सगळ्यांनाच म्हणायचो."

सगळ्यांनाच! मला पारावरच्या त्या रात्रीसारखं झालं. पंधरा वर्षं जे वाक्य मी माझ्यासाठी म्हटलेलं म्हणून जपलं, ते त्यांच्या पिशवीतलं रोजचं अवजार होतं. माइक पुढं केला की माणूस भाषण करायला लागतो, हे त्यांनी हजारदा बघितलेलं. मग हे वाक्य. त्यांनाही ते कोणीतरी वरिष्ठानं दिलेलं असणार. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील यांच्यासारखी माणसं काम करून गेली. बोलतो तशी भाषा लिहायची आणि लिहिलेलं बोलल्यासारखं वाचायचं, ही तिथली जुनी रीत. त्याच केंद्रानं १९५६ साली महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं करून बघितली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. म्हणजे रेडिओनं बोलायचं तसंच ऐकायचंही, हा विचार तिथं आधीपासून होता. साहेब त्याच वळणाचे. वाक्य त्यांचं नव्हतं. त्यांच्यापर्यंत आलेलं होतं आणि माझ्याकडं आलं.

परतीच्या एसटीत मी विचार केला, मग मी कोणाचा ऋणी? डॉक्टर खोकल्याची तीच गोळी सगळ्यांना देतो, म्हणून गोळीचा गुण कमी होत नाही. पण ज्या शेकडो जणांना साहेबांनी हेच सांगितलं त्यांतले किती रेडिओत गेले? बहुधा कोणीच नाही. म्हणजे वाक्य बी असेल, पण उगवलं ते रानाच्या गुणानं. असं म्हणायला मला आवडत होतं, कारण त्यात थोडं श्रेय मलाही मिळत होतं. त्यावर मी दहा वर्षं निवांत होतो.

मग दुसरी गोष्ट घडली. ही मी कुठल्याही सत्कारात सांगितलेली नाही.

१९९८ साली एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तोवर माझा आवाज जिल्ह्यात ओळखीचा झाला होता. हारतुरे झाले, भाषण झालं. मी साहेबांचं तेच वाक्य सांगितलं, टाळ्या घेतल्या. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा आडवा आला. सावळा, उंच, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. म्हणाला, "सर, दोन मिनिटं ऐकता का?" आणि बातम्या वाचल्यासारखं काहीतरी म्हणून दाखवायला लागला. माझी शेवटची एसटी सव्वासातची होती. सात वाजून गेले होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आवाज आहे तुला. सोडू नकोस." आणि स्टँडकडं निघालो.

एसटी मिळाली. मुलगा मी विसरलो.

बारा वर्षांनी, २०१० साली, एका गावच्या यात्रेला गेलो होतो. कुस्त्यांचं मैदान भरलं होतं. आमच्याकडं मैदानाला निवेदक लागतो; कोणत्या तालमीचा मल्ल, कोणाचा पठ्ठ्या, कोणता डाव पडला, हे तो सांगतो आणि हलगीच्या तालावर माणसं उठवतो. आवाज खणखणीत होता, फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तो गिळत होता. कुस्त्या सुटल्यावर तो निवेदकच माझ्यापाशी आला आणि पाया पडला. "सर, वळखलं का? सोडू नकोस म्हणाला होता. सोडलं न्हाई बघा."

मी ओळखलं नाही. म्हणालो मात्र, "अरे हो, हो." हे खोटं बोललो, तेही लिहून ठेवतो.

त्यानं मला घरी नेलं. दोन खोल्यांचं घर, दारात लाउडस्पीकर बांधलेली रिक्षा. यात्रा नसतात तेव्हा तो रिक्षातून जाहिराती सांगत फिरायचा. सेल, सर्कस, निवडणूक, हरवलेलं मूल, काहीही. बायको शिवणकाम करायची. चहा घेताना बोलण्यातून सगळं बाहेर आलं. माझं वाक्य ऐकलं त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी खटपट करून त्याला साखर कारखान्यात हंगामी कामाला लावायचं ठरवलं होतं. तो गेला नाही. म्हणाला, रेडिओचे सर म्हणालेत, सोडू नको. सहा वर्षांत चार वेळा आवाजाची चाचणी दिली, चारही वेळा राहिला. मधल्या काळात शहरात राहण्याखाण्यासाठी घरची म्हैस गेली. कारखान्यात त्याच्या जागी लागलेला चुलतभाऊ पुढं कायम झाला.

हे तो हसत सांगत होता. पण सोप्यात बाजेवर त्याचे वडील बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तंबाखू मळत, खाली बघत म्हणाले, "सायेब, तुमचा एक शबूद झाला. आमच्या पोराची सा वरसं ग्येली."

मुलगा म्हणाला, "आण्णा, गप बसा की." मी चहा खाली ठेवला. काय बोलणार?

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हिशोब सरळ होता. मी एका माणसाच्या वाक्याला माझ्या आयुष्याचं श्रेय देत आलो होतो. मग माझ्या वाक्याला या मुलाच्या सहा वर्षांचा दोष का द्यायचा नाही? श्रेय घेताना वाक्य बी, आणि दोष येताना रान वाईट, असं म्हणता येत नाही. साहेबांच्या वाक्यामुळं मी झालो असेन, तर माझ्या वाक्यामुळं त्याचं नुकसान झालं. माझ्यामुळं त्याचं नुकसान झालं नसेल, तर साहेबांना दिलेली घोंगडी उगाच. एका तराजूत दोन वजनं ठेवायची तर तराजू एकच पाहिजे.

पुष्कळ दिवस मी या कोड्यात होतो. बायको म्हणायची, "तुम्ही चांगल्या मनानं बोललात, पुढचं ज्याचं त्याचं." पण चांगल्या मनानं बोललो का, हाच तर प्रश्न होता. मी ते पाच शब्द कशासाठी बोललो? एसटीसाठी. त्याच्या तोंडातून लवकर सुटका व्हावी म्हणून. त्यानं म्हटलेलं मी ऐकलंसुद्धा नव्हतं. ऐकलं असतं तर शेवटचा शब्द गिळतो हे तेव्हाच कळलं असतं. ते बारा वर्षांनी कुस्तीच्या मैदानात मला दुसऱ्या मिनिटाला कळलं.

इथं मला दोन वाक्यांतला फरक दिसायला लागला.

साहेबांचं वाक्य छोटं होतं, पण त्याच्याआधी त्यांनी अर्धा मिनिट मन लावून ऐकलं होतं. उन्हात उभं राहून, सरकारी फीत खर्च करून. वाक्य सांगून ते निघून गेले नाहीत. बटण पुन्हा दाबलं आणि पुन्हा ऐकलं. आणि दुसरं असं की, ते माझ्याविषयी काहीच बोलले नाहीत. तू चांगला बोलतोस, तू मोठा होशील, तुझ्यात गुण आहे, यातलं काही नाही. त्यांनी कामाविषयी सांगितलं: असं नको, असं कर. ते मला तिथल्या तिथं करून बघता आलं. जमलं नाही, तेही मला कळलं. माझं बोलणं कार्यक्रमातून वगळलं, हाही त्या सल्ल्याचाच भाग होता; अजून आलेलं नाही, असं सांगणारा.

माझं वाक्य त्याच्यापेक्षा फारसं मोठं नव्हतं. पण ते कामाविषयी नव्हतं, त्या मुलाविषयी होतं. 'आवाज आहे तुला.' हे वाक्य घरी नेऊन करून बघता येत नाही, फक्त उराशी धरता येतं. आणि 'सोडू नकोस' हे तर मी म्हणायलाच नको होतं. काय सोडू नकोस? त्यापायी काय काय सोडावं लागेल? त्याच्या घरी म्हैस किती, रान किती, वडिलांनी काय ठरवलंय, मी विचारलं होतं? 'सोडू नकोस' म्हणणाऱ्याचा एक पैसा जात नाही. ऐकणाऱ्याची म्हैस जाते.

तेव्हा मला वाटतं, छोट्या सल्ल्याचा न्याय त्याच्या फळावरून करू नये. फळ पावसावर असतं, रानावर असतं, नशिबावर असतं. साहेबांचं वाक्य ऐकून मी पुढं कारकून झालो असतो तरी ते वाक्य खरंच राहिलं असतं. आणि तो मुलगा चौथ्या चाचणीत पास झाला असता, तरी माझं वाक्य उथळच राहिलं असतं. फक्त मला ते कधी कळलं नसतं आणि मी सत्कारात ते अभिमानानं सांगितलं असतं. सल्ला छोटा का झाला, हे बघावं. ऐकणाऱ्याला पेलावा म्हणून छोटा केला, की सांगणाऱ्याला घाई होती म्हणून छोटा झाला? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आतून एक बी असतं आणि एक फोलपट.

पण एवढं लिहून मी सुटलो असं नाही. कारण त्या मुलाला विचाराल तर तो वेगळंच सांगतो.

त्या यात्रेनंतर महिन्याभरानं मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. या वेळी परतीची गाडी बघितली नव्हती. त्याला म्हणालो, वाच. त्यानं वाचलं, मी ऐकलं, तासभर ऐकलं. मग जे १९९८ साली सांगायला हवं होतं ते सांगितलं: शेवटचा शब्द गिळू नको, श्वास वाक्याच्या मध्ये घे, शेवटासाठी राखून ठेव. हेही सांगितलं, की आता चाचणीच्या मागं लागू नको. पूर्ण वेळ उद्घोषकाच्या जागा भरणं कधीचंच आटलंय आणि नैमित्तिक कामात महिन्याला मोजक्या ड्यूट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही. आणि मग त्याला म्हणालो, "माझ्या त्या बोलण्यानं तुझं नुकसान झालं. मी ऐकलं नव्हतं तुझं त्या दिवशी. मला एसटी गाठायची होती."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ते माझ्या ध्येनात आलं होतं. तुम्ही घड्याळ बघितलं होतं. पण तवर मला घरात कोण बी 'तुला अमुक हाय' असं म्हणालं नव्हतं. काय का असंना, हाय म्हणाला." आणि हसून म्हणाला, "कारखान्यात मी टिकलो नसतो. भाऊ टिकला, त्यो टिकणाराच हाय."

मला हायसं वाटलं. मग लगेच हायसं वाटल्याची लाज वाटली. त्यानं माफ केलं ही त्याची श्रीमंती. त्यानं माझं खातं कोरं होत नाही. त्याचे वडील त्या दिवशीही बाजेवर होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या शब्दाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. सहा वर्षं त्यांचीही गेली होती, आणि त्यांना तर कोणी 'आवाज आहे' असं म्हटलं नव्हतं.

आता निवृत्त आहे. गावाकडं राहतो. घरच्या मोबाइलवर पोरं-पोरी रेकॉर्डिंग पाठवतात. कोणाला रेडिओत जायचंय, कोणाला स्वतःचं चॅनेल काढायचंय, कोणाला यात्रेत निवेदन करायचंय. सगळ्यांना हवं असतं ते एकच, 'कसं वाटलं?' अंगठा दाखवून मोकळं होणं फार सोपं आहे. मी तसं करत नाही. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकतो, पुष्कळदा दोनदा. मग एकच गोष्ट सांगतो, जी उद्या करून बघता येईल. तुझ्यात आवाज आहे की नाही, हे मी सांगत नाही. कोणी फारच आग्रह केला, की काम सोडून याच्या मागं लागू का, तर विचारतो, घरी कोण कोण आहे, रान किती आहे, वडील काय म्हणतात. पोरांना वाटतं, म्हातारा चांभारचौकशा करतो. करू देत.

आणि जे भाषण करतात, सन्माननीय वगैरे, त्यांना साहेबांचं वाक्य सांगतो. ते म्हणायचे तसंच, सगळ्यांनाच. फक्त सांगितल्यावर फोन ठेवत नाही. म्हणतो, "हां, आता सांग. मी ऐकतोय."